एका बोटाने फिरणारं कडं

मारतहळ्ळीच्या पुलाखाली अवरेकायीच्या शेंगांचे ढीग लागले आहेत. काल संध्याकाळी ऑफिसच्या बसमधून उतरले तेव्हा आधी वास आला, मग ढीग दिसले. पावट्याच्या जातीची ही शेंग. पण बेंगळुरात थंडी पडू लागली, पहाटे धुकं उतरू लागलं, की हिच्या सालीवर एक तेलकट सुगंध धरतो. इथले लोक त्याला सोगडु म्हणतात. शेंगा सोलताना तो बोटांना लागतो आणि साबणानेही जात नाही. विकणाऱ्या बाईने एक शेंग मोडून माझ्या नाकाखाली धरली आणि मी तिथेच, रिक्षांच्या हॉर्नमध्ये, एकटीच हसायला लागले. काय झालं, असं तिने भुवया उचलून विचारलं. तिला काय सांगणार?

माझ्याकडे हा वास एकटा येत नाही. त्याच्यामागून लेथवरच्या तेलाचा वास येतो आणि त्याच्यामागून तरणतलावाच्या क्लोरिनचा. दोन वर्षांपूर्वीच्या थंडीत हे तिन्ही वास एकाच वेळी माझ्या हातांना येत होते. सकाळी डबा उघडला की ऑफिसातल्या मैत्रिणी नाक मुरडायच्या. मला मात्र तेव्हा सकाळी उठायची घाई असायची. शाळेच्या सहलीच्या दिवशी असते तशी. तशी घाई झाली की अजूनही मला ती थंडी आठवते, आणि अक्का आठवतात.

अक्का म्हणजे माझ्या सासूबाई. घरात सगळे त्यांना अक्काच म्हणतात, त्यांचा मुलगासुद्धा. त्यांच्या माहेरचं घराणं कुठल्याशा स्वारीबरोबर इकडे आलं आणि इथलंच झालं. पिढ्या गेल्या, घोडे गेले, मराठी राहिली, पण तिच्यात कन्नड असं मुरलं की कुठला शब्द कुठला हे त्यांनाही सांगता येत नाही. मी सांगलीची. लग्न होऊन आले तेव्हा "स्वल्प मीठ घाल" म्हटल्यावर मला घाईत "सगळं" ऐकू आलं आणि मी सगळं मीठ घालायला निघाले होते. स्वल्प म्हणजे थोडं. तेवढं शिकायला मला एक सांबार लागलं.

अक्का टेलिफोन खात्यात हिशेबाच्या विभागात होत्या. निवृत्त झाल्यावर त्या आणि अप्पा, म्हणजे माझे सासरे, आमच्याकडे, मारतहळ्ळीच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. त्या थंडीपर्यंत दोन वर्षं आम्ही एका घरात होतो आणि आमच्यात एकदाही भांडण झालं नाही. भांडण व्हायला ओळख लागते. "डबा भरलाय." "हो अक्का." "दूध तापवलंस?" "हो अक्का." निरंजन, म्हणजे माझा नवरा, मित्रांना कौतुकाने सांगायचा की आमच्या घरी सासू-सुनेचा काही त्रास नाही. खरंच नव्हता.

मी बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात यंत्रांच्या भागांची डिझाइनं करते. घरी बाल्कनीत माझं एक छोटं टेबल आहे, त्यावर एक पकड, कानशी, चिमटे आणि भिंग. कॉलेजपासून मला घड्याळं उघडायचा नाद. निरंजन त्या टेबलाला दवाखाना म्हणतो. अक्का त्या टेबलापर्यंत कधी आल्या नव्हत्या. बाल्कनीत कपडे वाळत घालायलासुद्धा त्या दुसऱ्या टोकाने जात.

त्या वर्षी अवरेकायी नुकतीच सुरू झाली होती. शेंगा सोलून दाणे भिजवायचे आणि मग एकेक दाणा अंगठा आणि तर्जनीत धरून दाबायचा, की साल हातात राहते आणि आतली डाळ टुणकन पातेल्यात पडते. हे काम नेहमी अक्कांचं. टीव्ही बघत, खाली न बघता, त्या पातेलं भरायच्या. त्या दिवशी त्यांनी चार-पाच दाणे दाबले आणि हात मांडीवर ठेवला. थोड्या वेळाने पुन्हा एक दाबला. अप्पांनी पातेलं स्वतःकडे ओढून घेतलं. त्यांचे दाणे इकडेतिकडे उडत होते, एक टीव्हीवर जाऊन आपटला. कोणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी अक्का बाल्कनीत आल्या. हातात एक खोका होता. तो त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "वृंदा, हे स्वल्प बघ गं. कडं फिरत नाही."

खोक्यात पाणबुड्याचं घड्याळ होतं. जाडजूड, काळ्या तबकडीचं, काचेभोवती मिनिटांच्या खुणा असलेलं फिरणारं कडं. कंपनीच्या भाषेत बेझल. अक्का त्याला कधी कडं म्हणत, कधी बळे. बळे म्हणजे कन्नडमध्ये बांगडी. मी ते फिरवून पाहिलं. टिक टिक टिक, छान फिरत होतं.

"फिरतंय की अक्का."

"तुझ्याकडनं फिरतंय."

त्यांनी घड्याळ मनगटावर चढवलं आणि अंगठा आणि तर्जनीत कडं धरून पिळलं. अंगठा घसरला. पुन्हा धरलं. ओठ घट्ट मिटले गेले, कपाळावर घाम आला, आणि कडं जागचं हललं नाही. अंगठ्याच्या मुळाशी सांधा झिजला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, चिमटीची कामं टाळा.

"पण तुम्हाला हे कशाला हवंय?" मी विचारलं.

मग त्यांनी सांगितलं. महिनाभर आम्हाला वाटत होतं की त्या सकाळी पोहायला जातात. जात होत्या पोहायलाच, पण तिथे त्यांनी समुद्रात बुडी मारायच्या वर्गात नाव घातलं होतं. पाठीवर हवेची टाकी, तोंडात नळी, सगळं. जानेवारीत मुरुडेश्वरला जायचं, तिथून होडीने नेत्राणी बेटापाशी. तलावातली परीक्षा आधी द्यायची.

"अप्पांना माहीत आहे?"

"नाही. तुला आधी सांगत्ये. तू ओरडणार नाहीस. तू तशी माझ्याशी बोलतच नाहीस."

हे त्या अगदी सहज म्हणाल्या. मी घड्याळ उचललं आणि भिंग डोळ्याला लावलं. डोळ्यांना काहीतरी काम हवं होतं.

या कड्याचं काम साधं आहे. पाण्यात शिरताना कड्यावरचा त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आणायचा. मग काटा पुढे सरकतो आणि आपण किती वेळ खाली आहोत ते कड्यावर वाचता येतं. हल्ली हे सगळं मनगटावरचा छोटा कॉम्प्युटर करतो. मी तेच सुचवलं, बटणाचं घेऊ म्हटलं.

"ते आहे की शरण्याच्या हातावर," अक्का म्हणाल्या. शरण्या ही त्यांची शिक्षिका, मंगळुरूकडची. "ती बघणार, ती सांगणार, आंटी वर चला. सगळं आयुष्य दुसऱ्यानंच सांगितलंय, आता ऊठ, आता नीघ, बस येईल, ऑफिस सुटलं. माझी वेळ मला लावायची आहे."

मी म्हटलं, ठेवून जा. पण त्या गेल्या नाहीत. स्टूल ओढून बसल्या. कड्याखाली पातळ पातं सरकवून ते कसं उचकटतात, खाली तारेची रिंग कशी असते, आणि आत दातांवर घसरणारी ती इवलीशी स्प्रिंग, जिच्यामुळे टिक टिक होतं, हे मी दाखवत गेले आणि त्या विचारत गेल्या. एक प्रश्न मला अजून आठवतो. "एकाच बाजूला का फिरतं?" मी सांगितलं, चुकून धक्का लागला आणि कडं सरकलं, तरी ते काट्यांच्या उलटंच सरकतं, त्यामुळे जास्त वेळ झाल्यासारखा दिसतो आणि माणूस लवकर वर येतो. उशिरा नाही. अक्का बराच वेळ ते कडं बघत होत्या. "बुद्धी आहे," म्हणाल्या, "बनवणाऱ्याला."

अप्पांना त्यांनी जेवताना सांगितलं. अप्पा ओरडले नाहीत. ताकाची वाटी खाली ठेवून म्हणाले, "समुद्र म्हणजे होसकोट्याची विहीर नव्हे." अक्कांचं माहेर होसकोट्याजवळच्या गावात, तिथल्या विहिरीत त्या पाठीला सुके भोपळे बांधून पोहायला शिकल्या होत्या. "माहीत आहे," अक्का म्हणाल्या आणि त्यांना भात वाढला. त्यानंतर अप्पा रोज एक शंका काढायचे. कान. रक्तदाब. मासे. होडीवाल्याचं लायसन. निरंजन प्रोजेक्टसाठी चेन्नईला होता, त्याने फोनवर "अक्का, तू सिरियस आहेस का?" एवढंच विचारलं.

मी एका शनिवारी तलावावर शरण्याला भेटायला गेले. ती ओल्या केसांनीच बोलायला उभी राहिली. "कडं फिरवता नाही आलं तरी मी पास करीन," ती म्हणाली. "पण हवा भरायच्या जाकिटाचं बटण दाबणं, तोंडातली नळी काढून परत लावणं, हे त्यांच्या बोटांनी व्हायला हवं. ते मी सोडणार नाही. आणि खरं सांगू? पुढच्या थंडीपर्यंत थांबा असं मी त्यांना म्हणणार नाही. सांधे कुणासाठी थांबत नाहीत."

त्या दिवसापासून मी अक्कांचे हात बघायला लागले. दोन वर्षं एका ओट्यावर काम केलं होतं, पण हात बघितले नव्हते. त्या बरणीचं झाकण तळहाताने दाबून फिरवायच्या. गॅसचं बटण बोटांच्या पेरांनी ढकलायच्या. आणि पाण्याच्या पिंपाचा नळ? तो तर्जनीची आकडी करून नुसता आपल्याकडे ओढायच्या. अंगठा कुठेच नाही. अंगठ्याला सुट्टी देऊन त्यांनी सगळं घर चालवलं होतं आणि आम्हाला पत्ता नव्हता.

आणि मग सिल्क बोर्डच्या चौकात, बस नेहमीसारखी उभी असताना, मला ते सुचलं. कडं एकाच बाजूला फिरतं. मग त्याचे दात दोन्ही बाजूंनी सारखे कशाला हवेत? दात एकाच बाजूला कललेले करायचे, लाटेसारखे, की बोटाची आकडी त्यात अडकेल. चिमूट नको, पिळणं नको. एक बोट अडकवायचं आणि आपल्याकडे ओढायचं. बसच्या काचेवर वाफ धरली होती, तिच्यावर मी बोटाने कडं काढलं, दात काढले, पुसले, पुन्हा काढले. शेजारचा मुलगा कानातलं काढून बघायला लागला. मला त्यालाही सांगावंसं वाटत होतं. बोम्मसंद्र्याला उतरले तेव्हा मी चक्क पळत गेटमधून आत गेले.

पुढचे काही आठवडे म्हणजे नुसती धमाल. मी ऑफिसच्या प्रिंटरवर प्लास्टिकची कडी काढून आणायची, संध्याकाळी अक्का ती तपासायच्या. बादलीत गार पाणी, त्यात हात बुडवून, डोळे मिटून. "टोचतंय, टोक गोल कर." "दात फार झाले, बोट कुठे अडकवू?" "आता कमी झाले, बोट सैल पडतं." मी उलटून म्हणायची, "अक्का, कालच तुम्ही जास्त म्हणालात." "काल हात गरम होता." अवरेकायीची उसळ, उपीट, अवरेकायीची अक्की रोट्टी म्हणजे तांदळाची भाकरी, असं रोज काहीतरी असायचं आणि जेवता जेवता ताटाशेजारी कडी पडलेली असायची. अप्पा एकदा चुकून एक कडं रोट्टीबरोबर उचलणार होते. ते टीव्हीकडे तोंड करून बसायचे, पण आवाज लहान केलेला असायचा.

शेवटी एक कडं अक्कांनी बादलीत फिरवलं, पुन्हा फिरवलं, आणि एकही खोट काढली नाही. नुसत्या फिरवत राहिल्या. मी म्हटलं, "सरी?" त्या म्हणाल्या, "सरी." माझ्या तोंडी "ठीक"चं कन्नड ऐकून त्यांना हसू आलं.

ते कडं मी पितळेत करून घ्यायचं ठरवलं. साहेबांकडे गेले, चित्र दाखवलं. "कुठल्या पार्टीचं काम?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "सासूबाईंचं." ते म्हणाले, "मग आधी करून टाका." डिसेंबरातली सकाळ, बाहेर होसूर रोडवर धुकं, आत लेथवरून पितळेचे सोनेरी कीस उडत होते. ते कडं हातात आलं तेव्हा अजून कोमट होतं.

कड्याखालचे ते बारीक दात कारखान्यातही कापता येण्यासारखे नव्हते. म्हणून मूळचं पोलादी कडं तसंच ठेवून त्याच्यावर पितळेचं बाहेरून बसवायचं, असा बेत होता. पितळेचं आतलं माप मुद्दाम केसभर लहान ठेवलं होतं. तापवलं की ते फुगणार, त्याच वेळी पोलादी कडं फ्रीजरमध्ये आकसलेलं असणार, की झटकन एकात एक बसवायचं. निवल्यावर पितळ त्याला धरून ठेवतं, पुन्हा सोडत नाही. रविवारी डोसे झाले आणि तवा गरम होता, तोच वापरायचं ठरलं. मी तापमान मोजायचं यंत्र ऑफिसातून आणलं होतं. अक्कांनी ते बाजूला सारलं. "माझा तवा आहे," म्हणाल्या आणि पाण्याचे दोन थेंब शिंपडले. थेंब चुरचुरले. "अजून नाही." पुन्हा शिंपडले. या वेळी थेंब गोळी होऊन तव्यावर नाचत गेले. "आता."

फ्रीजर उघडला अप्पांनी. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, ते आपणहून तिथे उभे होते. मी चिमट्याने पोलादी कडं ओट्यावर ठेवलं, पितळी उचललं, वर धरलं आणि सोडलं. ते आत सरकलं, बसलं, आणि आम्ही तिघं त्याच्याकडे बघत राहिलो. अक्कांनी थोड्या वेळाने फडक्यात धरून ओढून पाहिलं. हललं नाही.

पण सगळं असं सरळ झालं असतं तर काय हवं होतं. तलावातल्या सरावाच्या दिवशी मी आणि अप्पा बघायला गेलो. अप्पा पहिल्यांदाच आले होते, कानटोपी घालून, अंगावर शाल, पाण्यापासून चांगलं दूर. अक्कांनी मनगट वर केलं, बोट अडकवलं, ओढलं. एकदा फिरलं. दुसऱ्यांदा ओढलं आणि कडं घड्याळावरून सुटून, उन्हात एकदा चमकून, खोल पाण्यात गेलं. नवीन दातांमुळे बोटाला जोर जास्त मिळत होता आणि खालच्या जुन्या तारेला तो पेलला नव्हता. माझी चूक. मी काही बोलणार तेवढ्यात अक्का काठावर नव्हत्या.

टाकी नाही, नळी नाही. सरळ डोकं खाली. अप्पा उठून काठापर्यंत आले, चपलांसकट पाण्याच्या पायरीवर उतरले आणि तसेच उभे राहिले. शरण्या शांत होती, पण नजर पाण्यात होती. खाली निळ्या फरशीवर अक्कांची सावली फिरत होती, एकदा इकडे, एकदा तिकडे, घाई नसल्यासारखी. मग त्या वर आल्या. कडं दोन बोटांत बांगडीसारखं घातलं होतं.

"घड्याळात पाणी गेलं असेल," अप्पा म्हणाले. मी सांगितलं, नाही जात, कडं वरचं वर असतं.

अक्का काठाला धरून श्वास घेत होत्या. "कळशी शोधण्यापेक्षा सोपं आहे," त्या म्हणाल्या. "विहिरीत काळोख असायचा."

"कसली कळशी?"

"कोणाची पडेल त्याची. दोर तुटला की मला बोलवायचे. अख्ख्या गल्लीच्या कळशा मी काढल्यात."

अप्पा पाण्यातच उभे. "हे मला कधी सांगितलं नाहीस."

"तुम्ही कधी विहिरीत काही टाकलं नाहीत," अक्का म्हणाल्या.

त्यानंतर शंका बंद झाल्या. चिक्कपेटेत घड्याळाचे सुटे भाग मिळतात त्या बोळात तार घ्यायला माझ्याबरोबर अप्पाच आले आणि दुकानदाराशी कन्नडमध्ये अशी घासाघीस केली की शेवटी जाड तार, पातळ तार, तीन तऱ्हेच्या स्प्रिंगा असं सगळंच घेऊन निघालो. परतताना मेट्रोत त्यांनी मला विचारलं, "पण ती एकाच बाजूला फिरणारी गोष्ट, ती पुन्हा सांग." मी सांगितली. ते मान हलवत राहिले.

आता कडं घट्ट बसलं, पण टिक टिक जड झाली. म्हणून मी स्प्रिंग जरा वाकवून सौम्य केली. मग ती इतकी सौम्य झाली की पोहण्याच्या सुटाची बाही घासली तरी कडं सरकायचं. मी म्हटलं, "अक्का, असू दे. सरकलं तरी धोका नाही, फक्त तुम्ही जरा लवकर वर याल."

बाल्कनीत ऊन होतं. अक्का हातावर तेल चोळत होत्या, ते चोळणं थांबलं.

"मी सगळीकडनं लवकरच बाहेर आल्ये वृंदा," त्या म्हणाल्या. "शिक्षणातनं लवकर. माझ्या आईच्या आजारपणात तिच्याजवळनं लवकर, इकडे घरी पोरं लहान म्हणून. गाण्याला गेले तर अर्ध्यातनं, शेवटची बस म्हणून. खालचं जेवढं माझं आहे तेवढं मला पुरतं हवंय. त्याहून जास्त बेडा."

बेडा म्हणजे नको. मी स्प्रिंग काढली आणि पुन्हा बसले. जरा वाकवायची, बसवायची, त्यांच्या हातात द्यायची. बाही घासायची. पुन्हा काढायची. कधी मी, कधी त्या भिंग धरायच्या. आम्ही किती बोललो त्या दिवसांत, आणि कशाकशावर. माझी आई, त्यांची आई, निरंजनचं लहानपणीचं तोतरेपण, माझी सुटलेली पहिली नोकरी. हात कामात असले की तोंड सोपं होतं. शेवटी जी स्प्रिंग बसली ती बाहीला दाद देत नव्हती आणि बोटाला देत होती.

ते घड्याळ अक्का आजही घालतात. पितळ काळं पडतं, मग त्या ते चिंचेने घासतात. दात निरंजनच्या स्वेटरमध्ये अडकून त्याची बाही उसवली आहे. अंगठा त्या वर्षापेक्षा जास्त दुखतो, आणि अवरेकायीचे दाणे आता पूर्णपणे अप्पांच्या खात्यात आहेत. त्यांचा एकही दाणा हल्ली टीव्हीपर्यंत जात नाही.

तलावातली परीक्षा अक्का पास झाल्या. बटण त्यांनी तळहाताच्या कडेने दाबलं, शरण्याने तेवढं मान्य केलं. जानेवारीत आम्ही तिघं मुरुडेश्वरला गेलो. अप्पा होडीत बसले नाहीत. "मी इथे आहे," म्हणाले आणि पँट दुमडून वाळूत उभे राहिले. होडी निघाली तशी ते आणि मागचा महादेवाचा उंच पुतळा, दोघंही लहान होत गेले.

मला पोहता येत नाही. सांगलीत नदी आहे, पण आमच्या घरात तिच्याकडे फक्त पुराच्या वेळी बघायची पद्धत होती. होडी हलायला लागल्यावर मला इतकं मळमळलं की नेत्राणीचे खडक मी डोळे अर्धे मिटूनच पाहिले. काळ्या सुटातल्या अक्का होडीच्या कडेला बसल्या होत्या, पाठीवर टाकी, पायात पंखे. शरण्याने कन्नडमध्ये काहीतरी विचारलं, अक्कांनी मान हलवली आणि त्या मागे झुकून पाण्यात पडल्या. वर आल्या, तरंगत राहिल्या. मग डावा हात पाण्याबाहेर काढला, उजव्या हाताचं एक बोट वाकवलं, अडकवलं आणि ओढलं. लाटांमुळे टिक टिक ऐकू आली नाही. त्रिकोण काट्यापाशी आला असणार, कारण त्या थांबल्या, एकदा नीट बघितलं, आणि शरण्याबरोबर खाली गेल्या.

मग नुसते बुडबुडे. होडीवाल्याने बोट दाखवलं, ते बघा, तिथे आहेत. थोड्या वेळाने बुडबुडे खडकाच्या पलीकडे गेले आणि दिसेनासे झाले. जे कडं मी काचेवर काढलं, प्लास्टिकचं केलं, पितळेचं केलं, तव्यावर तापवलं, ते खाली काम करत होतं की नाही हे मला इथून कधीच दिसणार नव्हतं. होडीची कड धरून मी पाण्याकडे बघत होते आणि मळमळ कुठे गेली ते मला कळलं नाही.

डोकी वर आली ती होडीच्या दुसऱ्याच बाजूला. आधी शरण्या. तिने तोंडातली नळी काढली आणि मला ओरडून सांगितलं, "मी खूण करायच्या आधी आंटींनीच केली. मनगट माझ्यासमोर धरलं, घड्याळ दाखवलं आणि अंगठा वर." पाण्याखाली अंगठा वर केला म्हणजे छान चाललंय असं नसतं. त्याचा अर्थ असतो, वेळ झाली, आता वर जाऊ. "बरोबर वेळेला," शरण्या म्हणाली. "माझा कॉम्प्युटर आणि त्या, एकाच वेळी."

अक्कांना होडीत ओढून घेतलं. ओठ थरथरत होते, चेहऱ्यावर मास्कचे वळ उमटले होते. मी टॉवेल गुंडाळला. त्यांनी माझा हात धरला आणि बोलायला लागल्या. खाली शांत असतं असं वाटलं होतं पण नाही गं, आवाज असतो, सगळीकडे कुरकुर, कोणीतरी चुरमुरे खातंय असा. आणि मासे येतात आणि आपल्याला बघून जातात, जसं आपण कोणाच्या घरात गेलो की त्यांची पोरं दारात येतात तसे. आणि एक कासव. ते वळलंच नाही माझ्याकडे. मराठी, कन्नड, मध्येच इंग्रजी, वाक्यं अर्धी सोडून पुढची सुरू. शरण्या पाणी देत होती, ते प्यायला त्या थांबत नव्हत्या. किनारा येईपर्यंत त्या बोलत होत्या.

अप्पा गुडघाभर पाण्यात आले होते. होडी लागायच्या आधीच त्यांनी अक्कांचे हलणारे हात पाहिले असणार, कारण त्यांनी कशी आहेस, ठीक ना, असलं काहीच विचारलं नाही. अक्का उतरल्या त्याच बोलत. अप्पांनी त्यांना कोपराला धरून वर आणलं, कोरड्या वाळूत बसवलं आणि स्वतः समोर मांडी घालून बसले.

"स्वल्प थांब," ते म्हणाले. "पहिल्यापासून सांग."

अक्कांनी श्वास घेतला आणि पहिल्यापासून सुरू केलं. मी ते सगळं होडीत ऐकलं होतं. तरी मीही बसले.